सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे आरोग्य आणि पूरक आहार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात धर्म, शिक्षण आणि समाजकार्य यांच्या बरोबरीने आरोग्याचाही विचार व्हावा, हे उचितच आहे. पन्नास वर्षांपूर्वी समाजाला भय होते ते प्रामुख्याने साथीच्या रोगांचे, तापाचे आणि क्षयाचे. आज घरोघरी मधुमेह आणि रक्तदाब ठाण मांडून बसले आहेत. त्यांच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट घरात आली आहे, ती म्हणजे गोळ्यांचा डबा. त्या डब्यात डॉक्टरांनी दिलेली साखरेची आणि रक्तदाबाची गोळी असते. तिच्या शेजारी परदेशातील मुलाने पाठवलेली, शेजाऱ्यांनी सुचवलेली किंवा जाहिरात वाचून आणलेली दोन-चार रंगीत कॅप्सूलही असतात. ‘नसा मोकळ्या होतात’, ‘रक्ताभिसरण सुधारते’, ‘डोळे आणि मूत्रपिंड यांचे रक्षण होते’ अशी आश्वासने त्यांच्या वेष्टनावर किंवा विक्रेत्याच्या तोंडी असतात.

या आश्वासनांत तथ्य किती, निरुपयोगी किती आणि अपायकारक किती? शुद्ध शाकाहाराचे व्रत पाळणाऱ्या समाजाला यांतील कशाची खरोखर गरज आहे? आणि ती गरज व्रताला बाधा न आणता कशी भागवता येईल? या तीन प्रश्नांचा विचार येथे क्रमाने करावयाचा आहे.

सूक्ष्म रक्तवाहिन्या म्हणजे काय?

रक्त हृदयातून निघून शरीरभर फिरते आणि पुन्हा हृदयाकडे परतते, हे इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली ग्रंथरूपाने सिद्ध केले. परंतु धमनीतील रक्त शिरेत नेमके कोणत्या वाटेने जाते, हे त्यांना डोळ्यांनी पाहता आले नाही. १६५७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, १६६१ साली, इटलीतील मार्चेलो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचे फुप्फुस तपासले आणि त्यांना ती वाट दिसली. केसाहूनही बारीक अशा वाहिन्यांचे ते जाळे होते. त्यांनाच केशवाहिन्या म्हणतात.

‘केश’ हा शब्दही येथे मोठाच ठरतो. केशवाहिनीची रुंदी साधारणतः ५ ते १० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रक्तातील तांबडी पेशी स्वतः ७ ते ८ मायक्रॉन रुंद असते. म्हणजे अनेक ठिकाणी या पेशींना अंग चोरून, वाकून, एकामागे एक अशा रांगेनेच पुढे सरकावे लागते. या वाहिनीची भिंत एकाच पेशीच्या जाडीची असते. ती इतकी तलम असते म्हणूनच प्राणवायू आणि पोषक द्रव्ये तिच्यातून पेशींपर्यंत पोहोचतात व निरुपयोगी द्रव्ये परत येतात. मोठ्या धमन्या म्हणजे केवळ राजमार्ग. घराच्या उंबरठ्यापर्यंत शिधा पोहोचतो तो या गल्लीबोळांतून. कोणत्या वेळी कोणत्या स्नायूतील किती केशवाहिन्या उघडतात, याचा शोध घेणाऱ्या डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ यांना १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या वाहिन्या बिघडल्या तर त्याची पहिली झळ तीन ठिकाणी बसते. पहिले ठिकाण डोळ्यातील दृष्टिपटल. दुसरे मूत्रपिंड. प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे सुमारे दहा लाख गुच्छ असतात. तिसरे ठिकाण हातापायांच्या मज्जातंतू, कारण त्यांनाही स्वतःचा रक्तपुरवठा लागतोच. विशेष म्हणजे आरंभी यांतील काहीही दुखत नाही. दृष्टी मंदावते, पायाला झालेली जखम कळत नाही, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, तेव्हा आतील हानी बरीच पुढे गेलेली असते.

‘क’ जीवनसत्त्वाचा धडा

आहारातील एखाद्या घटकाचा सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी थेट संबंध असतो, हे जगाला प्रथम कळले ते समुद्रावर. महिनोन्‌महिने गलबतावर राहणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही नावाचा रोग होई. हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई, अंगावर रक्ताचे ठिपके उमटत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि अखेर मृत्यू येई. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्याने अशा बारा रुग्णांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. ज्या जोडीला संत्री आणि लिंबे मिळाली, ती काही दिवसांतच सुधारली. तरीही नौदलात लिंबाचा रस नियमाने देण्यास १७९५ साल उजाडावे लागले.

यामागील कारण पुढे उलगडले. शरीरातील भिंतींना, मग ती त्वचा असो, हिरडी असो वा रक्तवाहिनी, बळकटी देणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. त्याचे धागे एकमेकांत घट्ट गुंफले जाण्यासाठी ‘क’ जीवनसत्त्व लागते. ते नसले की सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंती ठिसूळ होतात आणि रक्त झिरपू लागते. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये हे द्रव्य वेगळे काढले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच शास्त्रज्ञांच्या कार्यातील पुढचा भाग मात्र तितकाच बोधप्रद आहे. लिंबूवर्गीय फळांतील फ्लॅव्होनॉइड या द्रव्यांनी केशवाहिन्यांची गळती थांबते, असे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९३६ च्या सुमारास वाटले. त्या द्रव्यांना त्यांनी ‘पी जीवनसत्त्व’ असे नावही दिले. पुढील प्रयोगांत त्याची खात्री पटली नाही. हे द्रव्य आहारात नसल्यामुळे होणारा असा कोणताही रोग सापडला नाही. म्हणून १९५० मध्ये हे नाव सोडून द्यावे, असे तज्ज्ञांनी ठरवले. विज्ञानाने ते नाव सोडले, पण बाजाराने ती कल्पना सोडली नाही. आजही रुटिन, हेस्पेरिडिन अशी द्रव्ये ‘केशवाहिन्या बळकट करणारी’ म्हणून विकली जातात. यांतील डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन यांचा मूळव्याधीच्या किंवा पायांच्या फुगलेल्या शिरांच्या त्रासात काही रुग्णांना आराम पडण्यापुरता उपयोग होतो आणि डॉक्टर त्यासाठी ती लिहून देतात. परंतु मधुमेहापासून दृष्टिपटलाचे किंवा मूत्रपिंडाचे रक्षण त्यांनी होते, असे सिद्ध झालेले नाही.

‘क’ जीवनसत्त्वाचा धडा असा दुहेरी आहे. उणीव असेल तर थोडीशी मात्रादेखील चमत्कार करते. स्कर्व्ही टाळण्यास दिवसाला अवघे १० मिलिग्रॅम पुरतात. पण उणीव भरली की अधिक मात्रेने भिंत अधिक मजबूत होत नाही. प्रौढांची रोजची शिफारस शंभर मिलिग्रॅमच्याही आत आहे. पाचशे किंवा हजार मिलिग्रॅमच्या गोळीतील पुष्कळसा भाग लघवीवाटे निघून जातो, आणि काही व्यक्तींत मूतखड्याचा धोका मात्र वाढतो.

जैन स्वयंपाकघराला या जीवनसत्त्वासाठी दुकानाची पायरी चढण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम ताज्या आवळ्यात सुमारे २५० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. म्हणजे एक मध्यम आवळाही दिवसाची गरज भागवतो. बहुबीज म्हणून ज्यांना पेरू वर्ज्य आहे, त्यांना आवळा, लिंबू, मोसंबी, संत्रे आणि पपई हे पर्याय आहेत. लिंबाचा रस वरण-भातावर पिळावयाचा तो ताट वाढल्यावर, उकळत्या वरणात नव्हे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नाश पावते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे न खाणाऱ्यांनी किंवा ओळीच्या नऊ दिवसांत आयंबिल करणाऱ्यांनी चिंता करू नये. निरोगी शरीरातील साठा इतक्या अल्प काळात संपत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. ‘त्वचा व रक्तवाहिन्यांसाठी’ म्हणून कोलॅजेनची पावडर विकण्याची लाट अलीकडे आली आहे. हे कोलॅजेन जनावरांच्या कातड्यापासून, हाडांपासून किंवा माशांपासून काढलेले असते. वनस्पतींत कोलॅजेन नसतेच. डाळी-कडधान्यांतील आणि दुधातील प्रथिनांपासून शरीर आपले कोलॅजेन स्वतः तयार करते. त्यासाठी परक्या जीवाच्या कातडीची गरज नाही.

शाकाहारी समाजाची खरी उणीव

मग शाकाहारी समाजात खरोखर उणीव असते ती कशाची? याचे उत्तर ‘ब१२’ जीवनसत्त्व असे आहे. त्या शोधाचा आरंभ काही अंशी मुंबईतच झाला.

१९२८ साली लूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये एक प्रकारचा घातक पंडुरोग आढळत होता. त्यांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत. हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी या स्त्रियांचा आहार बारकाईने तपासला आणि यीस्टच्या अर्काने हा पंडुरोग बरा होतो, असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट, असे पुढील दशकात निश्चित झाले. लॅटिनमधील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला हे नाव मिळाले, कारण ते पालेभाज्यांत विपुल असते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करणाऱ्यांना हरभरा, मूग, तूर यांच्या डाळींतून ते मिळत राहते. त्यामुळे वरण, आमटी, उसळ यांची नित्य सवय असणाऱ्या घरात फोलेटची तीव्र उणीव सहसा होऊ नये.

‘ब१२’ची गोष्ट वेगळी आहे. १९४८ साली ते शुद्ध स्वरूपात मिळाले आणि डोरोथी हॉजकिन यांनी त्याची गुंतागुंतीची रचना १९५६ मध्ये उलगडली. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करत नाही. प्राणीही ते स्वतः तयार करत नाहीत. ते निर्माण करतात सूक्ष्म जिवाणू. गाई-म्हशींच्या पोटातील जिवाणूंनी तयार केलेले ‘ब१२’ दुधात उतरते, आणि शाकाहारी माणसाला आहारातून मिळते ते मुख्यतः दूध, दही आणि ताक यांतून. अर्धा लिटर दुधातून सुमारे दीड ते दोन मायक्रोग्रॅम मिळते, आणि रोजची गरजही साधारण दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. परंतु दिवसभरात अर्धा लिटर दूध घेणारे प्रौढ किती? अनेकांचे दूध चहाच्या दोन कपांपुरतेच उरले आहे. अहिंसेच्या भावनेने दूधही सोडणाऱ्या तरुणांना तर आहारातून ‘ब१२’ मिळण्याचा मार्गच राहत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे परिसरातील ४४१ निरोगी, मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात ‘ब१२’ कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्क्यांपर्यंत गेले. शाकाहाऱ्यांमध्ये उणिवेचा धोका मांसाहाऱ्यांच्या चौपटीहून अधिक आढळला. ही आकडेवारी शाकाहाराच्या विरोधात वापरण्याचे कारण नाही. परंतु तिच्याकडे पाठ फिरवणे हेही शहाणपणाचे नाही. शाकाहार हा विचारपूर्वक स्वीकारलेला आचार आहे, तर त्याची निगाही विचारपूर्वकच राखली पाहिजे.

होमोसिस्टीन : आशा आणि अनुभव

‘ब१२’ आणि फोलेट कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य वाढते. ते रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा करत असावे, ही कल्पना अमेरिकेतील किल्मर मॅक्कली यांनी १९६९ मध्ये मांडली. तेव्हापासून एक सरळ हिशेब मांडला गेला. जीवनसत्त्वे दिली की होमोसिस्टीन उतरेल, आणि ते उतरले की रक्तवाहिन्या सुरक्षित राहतील.

हिशेबाचा पहिला भाग खरा ठरला. दुसरा भाग मात्र अपेक्षेप्रमाणे खरा ठरला नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत ‘ब’ गटातील जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या बाबतीत तर अनुभव अधिकच कटू होता. कॅनडामध्ये मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडू लागलेल्या २३८ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यांतील अर्ध्या रुग्णांना रोज फॉलिक अ‍ॅसिड, ‘ब६’ आणि ‘ब१२’ यांची मोठी मात्रा दिली गेली आणि उरलेल्यांना दिसायला तशीच, पण औषधरहित गोळी. जीवनसत्त्वे घेणाऱ्यांचे होमोसिस्टीन उतरले, परंतु त्यांच्या मूत्रपिंडांची शक्ती अधिक वेगाने घटली. हृदयविकार आणि पक्षाघात यांसारख्या घटनाही त्यांच्यातच अधिक झाल्या.

या दोन बाबी परस्परविरोधी वाटतात, पण तशा नाहीत. ज्याच्या शरीरात ‘ब१२’ची उणीव आहे, त्याला ते मिळालेच पाहिजे. अन्यथा रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विस्मरण असे परिणाम होतात आणि फार उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहते. परंतु ज्याला उणीव नाही, त्याने केवळ रक्तवाहिन्यांच्या रक्षणासाठी मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतल्याने लाभ झालेला दिसत नाही. आणि ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुखावली आहेत, त्यांना त्या अपायकारकही ठरू शकतात. ‘जीवनसत्त्वच आहे, त्याने काय होणार?’ हे वाक्य म्हणूनच घरातून हद्दपार झाले पाहिजे.

मुंग्या कशाच्या?

समाजातील मधुमेही ज्येष्ठांच्या बाबतीत एक गफलत नेहमी होते. पायांना मुंग्या येतात, तळवे जळजळतात. घरचे म्हणतात, ‘साखरेमुळे आहे, होणारच.’ मधुमेहाने सूक्ष्म वाहिन्या आणि मज्जातंतू बिघडून असे होते, हे खरेच. पण ‘ब१२’च्या उणिवेनेही अगदी अशाच मुंग्या येतात. त्यात मधुमेहावरील सर्वाधिक वापरले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतल्यास ‘ब१२’चे शोषण कमी होते. शाकाहार, वाढते वय आणि मेटफॉर्मिन असे तीन घटक एकत्र आले की उणीव होण्याचा संभव बराच वाढतो. औषध परस्पर थांबवावयाचे नाही, कारण ते उपयुक्त आहे. डॉक्टरांना सांगून रक्तातील ‘ब१२’ तपासून घ्यावयाचे, हा मार्ग आहे. आहारातून झालेली उणीव गोळीने भरून निघू शकते. ती तीव्र असेल किंवा शोषणच होत नसेल, तर डॉक्टर इंजेक्शन देतात.

आणखी एक दक्षता घ्यावयास हवी. ‘ब१२’ची उणीव असताना केवळ फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेत राहिल्यास रक्तक्षय सुधारल्याचे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. म्हणून थकवा आला की मेडिकल दुकानातून परस्पर रक्तवाढीची गोळी आणणे योग्य नव्हे.

व्रत आणि वेष्टन

‘ब१२’ घेतल्याने व्रतभंग होईल का, ही शंका अनेक श्रावक-श्राविकांच्या मनात असते. एके काळी ते यकृतापासून काढले जाई, म्हणून ही शंका निराधार नव्हती. आज मात्र ‘ब१२’ मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणूंच्या वाढीतून तयार केले जाते. त्यासाठी पशूची हत्या करावी लागत नाही. प्रश्न उरतो तो वेष्टनाचा आणि सोबतच्या द्रव्यांचा. त्यासाठी पुढील गोष्टी तपासून पाहाव्यात.

पहिली गोष्ट कॅप्सूलचे कवच. ते बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होते. वनस्पतिजन्य सेल्युलोजची कवचेही मिळतात. ती न मिळाल्यास कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागावी. दुसरी गोष्ट ओमेगा-३. ते बहुधा माशांच्या तेलापासून काढलेले असते, परंतु शेवाळापासून काढलेलेही उपलब्ध आहे. जवस आणि अक्रोड यांतही त्याचा एक प्रकार असतो. तिसरी गोष्ट ‘ड३’ जीवनसत्त्व. ते सामान्यतः मेंढीच्या लोकरीतील मेणापासून तयार होते, आणि ज्यांना ते नको त्यांच्यासाठी वनस्पती-वर्गातील पर्याय आहेत. चौथी गोष्ट च्यवनप्राश. त्यात आवळा असला तरी परंपरेने मधही असतो, आणि मद्य, मांस, मधु यांचा त्याग केलेल्यांनी मधविरहित च्यवनप्राशच घ्यावा. आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेने थोडे मद्य उत्पन्न होते, हेही ध्यानात असावे. पाचवी गोष्ट ‘रक्तवाहिन्यांसाठी’ विकल्या जाणाऱ्या लसणाच्या कॅप्सूल आणि बिटाची पावडर. ही दोन्ही कंदमुळे आहेत. बिटाची ख्याती त्यातील नायट्रेटमुळे आहे. त्यापासून शरीरात वाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. पण नायट्रेट पालकातही भरपूर असते, त्यामुळे बीट न खाणाऱ्याचे काही अडत नाही.

पूरक आहारासाठी भारतात नियम आहेत. त्यांनुसार हे पदार्थ अन्न म्हणून विकले जातात आणि त्यांच्या वेष्टनावर ते औषधी उपयोगासाठी नाहीत, असे छापणे बंधनकारक आहे. ज्याच्यावर असे छापले आहे, त्याने मधुमेह बरा होईल असे विक्रेता सांगत असेल, तर दोघांपैकी कोणाचे खरे मानावयाचे हे सुज्ञांनी ठरवावे. अन्नपदार्थावर हिरव्या ठिपक्याची खूण पाहता येते. औषधांच्या बाबतीत मात्र त्या खुणेवर विसंबता येत नाही. तेथे डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला स्पष्टपणे विचारणेच योग्य. विचारण्यात संकोच कसला?

खरे रक्षण कशाने?

सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे रक्षण खरोखर कशाने होते, याचे उत्तर संदिग्ध नाही. इंग्लंडमधील मधुमेहाच्या सुप्रसिद्ध दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्याने सूक्ष्म वाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले. मधुमेहाबरोबर रक्तदाब असलेल्यांत तो काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्याने ते ३७ टक्क्यांनी घटले. कोणत्याही पूरक गोळीच्या नावावर असे यश जमा नाही. तरीही रक्तदाबाची गोळी ‘सवय लागेल’ म्हणून टाळली जाते आणि तिच्या कितीतरी पट किमतीची कॅप्सूल श्रद्धेने घेतली जाते. हा उलटा व्यवहार आहे.

दुसरे रक्षण चालण्याचे. नियमित चालण्याने स्नायूंत नव्या केशवाहिन्या निर्माण होतात. हे काम कोणतीही गोळी करत नाही. तिसरे रक्षण तंबाखू आणि गुटखा यांच्या संपूर्ण त्यागाचे. चौथे मिठाच्या मर्यादेचे. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सुमारे एक चहाचा चमचा, ही मर्यादा सांगितली जाते. पापड, लोणचे, फरसाण यांचा हिशेब धरला तर ती दुपारपर्यंतच ओलांडली जाते. पाचवे रक्षण तपासणीचे. मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा डोळ्यांत औषध घालून दृष्टिपटल तपासून घ्यावे, लघवीतील प्रथिने आणि पायांची संवेदना पाहून घ्यावी, आणि ‘ब१२’ किती अंतराने तपासावे हे डॉक्टरांना विचारावे.

उपवासाबद्दलही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पर्युषणातील उपवासाने ‘ब१२’ची उणीव होत नाही. यकृतात पुरेसा साठा असेल तर तो वर्षानुवर्षे पुरतो. उणीव होते ती वर्षानुवर्षे रोज थोडे थोडे कमी पडल्याने. परंतु साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्याने मात्रा न बदलता उपवास केला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळच्या औषधाची वेळही ठरवून घ्यावी. पच्चक्खाण घेण्यापूर्वी जसे गुरूंना विचारले जाते, तसे डॉक्टरांनाही विचारावे. तपात शरीराची उपेक्षा नाही, संयम आहे.

समारोप

बंधू-भगिनींनो, आपल्या परंपरेत परिग्रहाचे परिमाण करण्याचे व्रत आहे. किती वस्त्रे, किती पात्रे, किती द्रव्ये, याची मर्यादा श्रावक स्वतः ठरवतो. आज त्या यादीत गोळ्यांचाही समावेश करावयास हवा. घरातील गोळ्यांचा डबा एकदा उघडून पाहावा. ही गोळी कोणी दिली, कोणती उणीव भरण्यासाठी दिली, त्या उणिवेची तपासणी झाली आहे का, आणि ती कशापासून बनली आहे, हे चार प्रश्न प्रत्येक गोळीला विचारावेत. ज्यांची उत्तरे मिळतील त्या नियमाने घ्याव्यात. ज्यांची मिळणार नाहीत त्या पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवाव्यात आणि त्यांच्या सल्ल्याने बाजूला काढाव्यात.

उणीव आहे तेथे एक छोटी गोळीही संजीवनी आहे. उणीव नाही तेथे ती केवळ ओझे आहे. आपल्या समाजातील प्रत्येक ज्येष्ठाला आपल्या रक्तातील साखर, आपला रक्तदाब आणि आपले ‘ब१२’ हे तीन आकडे तोंडपाठ असावेत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने घराघरांत एवढा संकल्प झाला, तरी पुढील पन्नास वर्षांत अनेकांची दृष्टी शाबूत राहील आणि अनेकांची पावले मंदिराची पायरी स्वतःच्या बळावर चढतील.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, ही मंगलकामना. जय जिनेंद्र.